मामूचा अवघडलेला

मलेरिया मामू कुणाच्याही घरी गेला तरी आधी पाण्याकडं जायचा, मग माणसांकडं. घरात बारसं असो नाहीतर कुणी वारलेलं असो, दारात चपला काढल्या की सरळ रांजणापाशी. झाकण वर, खिशातली बॅटरी आत, आणि दोन-तीन मिनिटं नजर पाण्यात. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला सगळे पाहुणे टेकलेले असताना त्यानं हेच केलं. माझा मेव्हणा तापला. मामू बॅटरी विझवत म्हणाला, "जाणारा गेला, भाई. ऱ्हायलेल्यांना थंडी-ताप नको." आणि मग खाली बसून सगळ्यात जास्त तोच रडला.

मी काचवाला. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. आरसे, खिडकीच्या काचा, देवांच्या तसबिरी. शाळा तिसरीपर्यंत झाली, तीही गुरुजींनी चौथीत घ्यायला नकार दिला म्हणून थांबली. हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. कुणी सांगितलेलं मी करत नाही, हे आमच्या गल्लीला माहीत आहे. माझी चूक मी आजवर एकदाच कबूल केली आहे, आणि ती कशी केली ते या मामूशी जोडलेलं आहे, म्हणून लिहितो.

मामू मलेरिया खात्यात होता. आता गाव संभाजीनगर झालं, तेव्हा औरंगाबाद होतं आणि घराघरात हौद, रांजण, टिपाडं होती. लांब दांड्याची पांढरी इनॅमलची पळी घेऊन तो गल्लीबोळ फिरायचा. पाण्यात पळी बुडवायची, उन्हाकडं धरायची, डासांच्या अळ्या वळवळताना दिसतात का बघायचं. मग दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं एक चौकोन काढायचा आणि आत तारीख घालायची. तारखेखाली पाणी चांगलं असेल तर 'ठीक', अळ्या असतील तर फुली. आमच्या शेजाऱ्यांच्या भिंतीवर 'ठीक'ची ओळ लागलेली असायची. माझ्या भिंतीवर फुल्याच फुल्या.

पहिली फुली पडली तेव्हा मी भांडलो. मी म्हणालो, "हे किडे नाहीत. पाणी जिवंत असलं की त्यात जीव पडतो. मेलेल्या पाण्यात काय पडणार?" हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, तिथल्या तिथं सुचलं होतं. मामूनं वाद घातला नाही. माझ्याच हौदातलं पळीभर पाणी माझ्याच ग्लासात ओतलं, तोंडाला माझ्याच धोतराची चिंधी बांधली आणि ग्लास खिडकीत ठेवून गेला. चौथ्या दिवशी आला. चिंधीखाली डास घोंघावत होते.

"बघा उस्ताद, तुमचं जिवंत पाणी. उडायला लागलं."

"हे बाहेरून शिरले असतील," मी म्हणालो.

त्यानं चिंधीची गाठ बघितली, माझ्याकडं बघितलं. "हौ. गाठ सोडून शिरले, मागं परत बांधली. हुशार डास आहेत तुमच्याकडचे."

तो मला उस्ताद म्हणायचा. का म्हणायचा हे मी कधी विचारलं नाही, कारण मला ते खरंच वाटायचं.

त्याच्या मराठीत एकच खोट होती, आणि ती काढायची एकही संधी मी सोडत नसे. त्याला शब्दांचं बाई-पुरुष कळायचं नाही. घरात उर्दू, गल्लीत दखनी, मराठी नोकरीत शिकलेली. "भाभी, चहा झाली का?" "आज पाऊस आली नाही." मी लगेच म्हणायचो, "झाला. आला." तो मान डोलवायचा आणि पुढच्या वाक्यात तेच बोलायचा. तिसरी शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं मराठी दुरुस्त करताना जे सुख मिळतं ते मास्तरला मिळत नसेल.

रिटायर झाल्यावर मामू एक दिवस दुकानात आला. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच काचेची पेटी पाहिजे म्हणाला. तेव्हा गावात मासे पाळायची टूम निघाली होती आणि लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून फटींत पुट्टी भरून पेट्या करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, असं मी सांगत असे. विचारलं, "मासे कोणते सोडणार? सोनेरी?"

"मासे नक्को. किडे."

मी ऐकून घेतलं आणि काच कापायचं सोडून दिलं. माझ्या पेटीत किडे? पेटीच्या मागच्या काचेला लावायला निळ्या समुद्राचं चित्रसुद्धा मी काढून ठेवलं होतं.

"उस्ताद, उमरभर औषध मारत फिरलो," मामू म्हणाला. "डास औषधाला सरावले. आणि त्याच डबक्यात डासांच्या पोरांना खाणारे बसले होते, माझ्याच औषधानं तेपण मेले. त्यांच्याकडं कधी नजर टाकली नाही. आता बसून बघायचं आहे."

पेटी करून दिली. समुद्राचं चित्र त्यानं घेतलं नाही, ते मी रागानं दुकानातच लावलं. छावणीच्या पलीकडं पावसाचं पाणी साठणारे खड्डे होते, तिथून त्यानं एकेक जण गोळा केला. पेटीत गाळ, काटक्या, पाणवनस्पती. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, पेटी धुवायची राहिली. मग कळायचं की त्यातली एक काटकी काटकी नाही. तो पाणविंचू. शेपटीची नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेत दिवसभर हलायचा नाही, आणि अळी जवळ आली की पुढच्या दोन पायांत धरून मोकळा. चतुराचं पिल्लू तर खालचा ओठच हातासारखा फेकायचं. हे सगळे एकमेकांनाही खायचे, म्हणून मी मधे काचेचे दोन पडदे बसवून दिले. तेवढी मामूनं तारीफ केली. ती मी घरी जाऊन दोनदा सांगितली.

मामूचा जीव मात्र पाणढेकणांवर. बदामाएवढा चपटा तपकिरी किडा, चोच बाकदार. "हे फार घरंदाज आहेत," तो म्हणायचा. मला त्यांच्यात ढेकणापलीकडं काही दिसत नव्हतं.

पेटीला झाकण पाहिजे म्हणून तो मागं लागला. रांजण असो, हौद असो, पेटी असो, त्याचं पालुपद एकच, "झाकण लावा." मी म्हणालो, "पाण्यातल्या किड्याला झाकण कशाला? मासळी उडते काय?" झाकण केलं नाही. एक दिवस सांजेला त्याच्या बैठकीत चहा घेत होतो. ट्यूबलाइट लागली, आणि पेटीतून एक पाणढेकूण फर्र करून उठला, ट्यूबवर आपटला आणि माझ्या पायावर पडला. मी त्याला झटकायला गेलो. त्यानं अंगठ्यात चोच घातली.

"चावला काय उस्ताद?"

"नाही."

डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. अंगठा वांग्याएवढा झाला. दोन दिवस मी चपलेतून अंगठा बाहेर काढून चालत होतो आणि विचारणाऱ्याला ठेच लागली म्हणून सांगत होतो. तिसऱ्या दिवशी जाळीचं झाकण करून दिलं. म्हणालो, "तुमच्या गल्लीत मांजरं लई झालीत."

"हौ," मामू म्हणाला. "चोचवाली."

मामूनं लग्न केलं नव्हतं. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-एक वर्षांत त्याचे वडील गेले. त्याच्या पाठची चार भावंडं, धाकटा भाऊ तर रांगत होता. चौघांना यानं वाढवलं, शिकवलं, बहिणींची लग्नं केली. धाकटा हैदराबादला नोकरीला लागला. आमच्या मंडळीनं एकदा विचारलं, "मामू, तुमाला पोरंबाळं नाय, कधी वाटत नाय व्हय?" तो हसला. "भाभी, लोकांची पोटची असतात. माझी पाठची आहेत. चार-चार." हे मराठी बरोबर होतं. दुरुस्त करायला जागा नव्हती.

पेटी केल्यापासून तिसऱ्या पावसाळ्यात हैदराबादहून तार आली, धाकटा आजारी. मामूला त्याच दिवशी निघायचं होतं. किडे बादलीत, रिकामी पेटी हातगाडीवर, असं सगळं घेऊन तो आमच्या पुंडलिकनगरच्या घरी आला. माझ्या बैठकीत पेटी मांडली, पाणी भरलं, एकेकाला आत सोडलं. मग मला म्हणाला, "उस्ताद, रोज अळ्या टाका. झाकण लावा. आणि यात एक अवघडलेला आहे. त्याला हात लावू नका. तीन बरसातींपासून मी याचीच वाट बघतो."

घरोघर फिरताना अवघडलेल्या बायकांची चौकशी करणं त्याच्या नोकरीतलं काम, तिथं हा शब्द शिकला असणार. मी म्हणालो, "अवघडलेली. बाई अवघडते, मामू. बाप्या कसा अवघडेल?"

तो काहीतरी सांगायला लागला होता. पण बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि मी पुन्हा म्हणालो, "अवघडलेली." तो म्हणाला, "बरं उस्ताद, अवघडलेली," आणि गेला.

पाणढेकूण तीन होते. त्यातली एक फुगीर पोटाची. हीच ती, असं मी ठरवून टाकलं. तिला जास्त अळ्या घातल्या, मंडळीला सांगितलं की हिच्याजवळ मोठ्यानं बोलू नको. दोन दिवस तिचं बाळंतपण माझ्या घरचं असल्यासारखा मी पेटीपुढं बसून होतो. आणि तिच्याकडं बघता बघता माझं लक्ष दुसऱ्या एकाकडं गेलं. त्याच्या पाठीवर पिवळट दाणे चिकटले होते, एकाला एक लागून, पाठभर.

मला वाटलं, पुट्टी.

दुसऱ्या कुणाला रोग वाटला असता, अंडी वाटली असती. मला पुट्टी वाटली, कारण माझ्या डोक्यात तेवढंच असतं. माझ्या पेटीची पुट्टी सुटली, पाण्यात विरघळली आणि मामूच्या किड्याच्या पाठीवर बसली. आता मामू येणार आणि बघणार की उस्तादाची पुट्टी सुटते. तो किडा पाठ पाण्याबाहेर काढून मागच्या पायांनी सारखा काहीतरी करत होता. मला वाटलं, बिचाऱ्याला पुट्टी खाजतेय.

चिमट्यानं धरून बाहेर काढला. काचेवरची जुनी पुट्टी खरवडायची माझी पत्ती असते, पातळ पोलादाची. त्या पत्तीनं एक-एक दाणा असा काढला की पाठीला ओरखडा उठला नाही. असं नाजूक काम मी आयुष्यात केलं नसेल. मंडळी दारात उभी राहून बघत होती.

"आवं, त्येला हात लावू नका म्हणले होते ना?"

"ते दुसरीला. ही बघ, ती पोटुशी. याला नुसती घाण लागलीय."

दाणे मोरीत धुवून टाकले. पेटीच्या चारही कोपऱ्यांत नवी पुट्टी दाबली. फुगीर पोटाची ती मात्र फुगीरच राहिली. नंतर कळलं, ती नुसतं खाऊन फुगली होती.

नवव्या दिवशी मामू आला. भाऊ बरा होता, मामू खुशीत होता. चहा नको म्हणाला, थेट पेटीपाशी गेला, बॅटरी लावली. बराच वेळ बघत राहिला. पाणवनस्पती बाजूला सारून बघितलं, काटक्यांखाली बघितलं.

"उस्ताद, पोरं कुठं आहेत?"

"कसली पोरं? ती अजून व्याली नाही," मी फुगीर पोटवालीकडं बोट केलं.

"तिचं काम झालं, ती सुटली. ती अंडी त्याच्या पाठीवर घालते आणि जाते. हा वागवतो. वर येतो, हवा देतो, पायानं पाणी मारतो. पोरं निघेपर्यंत खाणंपण कमी. पाठ भरलेला होता माझा. मी बघून गेलो होतो."

मंडळीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं तर ते बाहेर पडलं, जे आयुष्यभर पडत आलंय.

"खाल्ली असतील," मी म्हणालो. "बापानंच."

मामूनं बॅटरी विझवली. हलक्या आवाजात म्हणाला, "पाठीवर वागवलेली कोण खातं, उस्ताद?"

मग चहा घेतला. खिडकीपाशी उभं राहून घेतला. पेटी हातगाडीवर चढवली आणि गेला. तो गेल्यावर मंडळी म्हणाली, "आज त्यांनी रांजणात नाय बघितलं."

खरंच नव्हतं बघितलं. रिटायर झाल्यावरसुद्धा खिशात गेरूचा तुकडा ठेवून दर महिन्याला आमच्या भिंतीवर फुली मारणारा माणूस. त्या दिवसानंतर तो यायचा, बसायचा, उस्तादच म्हणायचा, पण रांजणाकडं जायचा नाही. वर्षभर नवा चौकोन पडला नाही. मी मात्र रांजण आठवड्याला घासायला लागलो, झाकणावर दगड ठेवायला लागलो. तो आला की उगाच म्हणायचो, "पाणी फार स्वच्छ झालंय हल्ली." तो म्हणायचा, "चांगली गोष्ट आहे," आणि वर्तमानपत्र उचलायचा. एवढी फुलीची भूक मला कधी लागली नव्हती.

मंडळी म्हणायची, "एकदा सांगून टाका की. जीभ झडणार हाय का?"

"मी काय केलं? मी घाण काढली."

"मग रांजण कुणासाठी घासताय?"

पुढच्या वर्षी धाकट्यानं मामूला कायमचं हैदराबादला बोलावलं. किडे परत खड्ड्यांत सोडून पेटी त्यानं मला दिली. "तुमचीच आहे," म्हणाला. वर ती इनॅमलची पळीही दिली. बस स्टँडवर त्याची पेटारी उचलून मीच गेलो. गाडी लागेपर्यंत माझ्या मनात एकच वाक्य होतं. ते वाक्य सोडून मी सगळं बोललो. खिडकीकडची जागा घ्या, पाण्याची बाटली घेतली का, जालन्याला गाडी थांबते.

मामूच म्हणाला, "उस्ताद, तुमच्या पत्तीला दाणे चिकटले होते. त्या दिवशी चहा घेताना बघितले. खिडकीत ठेवली होती तुम्ही."

मी म्हणालो, "मग तेव्हा विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाय म्हणला असता. मग मला तुम्हाला झूठा म्हणावं लागलं असतं. इतक्या वर्षांच्या माणसाला कसं म्हणायचं?"

या जागी कुणीही माफी मागितली असती. मी म्हणालो, "पत्ती मी धुतली होती."

"कोपऱ्यात राहतं, उस्ताद," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

पेटी वर्षभर रिकामी पडली. मग पावसाळ्यात मी पळी घेऊन छावणीकडच्या खड्ड्यांवर गेलो. चिखलात बसलेला म्हातारा बघून एक बाई म्हणाली, "काका, काही हरवलं काय?" मी म्हणालो, "हौ." दोन फेऱ्यांत पाणविंचूच मिळाले. तिसऱ्या फेरीत पाणढेकणांची जोडी लागली. महिन्याभरानं एका सकाळी त्यातल्या नराची पाठ भरलेली दिसली.

पत्ती मी शेजाऱ्याकडं ठेवायला दिली. आपला भरवसा नव्हता.

सहा दिवस मी त्या बापासमोर बसलो. तो पाठ वर काढायचा, मागच्या पायांनी पाणी हलवायचा, पुन्हा खाली जायचा. समोरून अळी गेली तरी सोडून द्यायचा. सातव्या दिवशी दाणे उकलले आणि आतून फिकट, दाण्याहून थोडी मोठी पोरं बाहेर पडली, डोळे तेवढे काळे. संध्याकाळपर्यंत काचेवर चहूकडं पोरं. रिकाम्या टरफलांचा थर पुढं दोन दिवसांनी आपोआप सुटून तरंगायला लागला.

मी पोस्टकार्ड आणलं. माझं पत्र नेहमी दुसरा कुणीतरी लिहायचा. हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मीच लिहिलं. दुपार गेली. लिहिलं ते असं:

'मामू, पोरं झाली. चाळीसपर्यंत मोजली, मग हलायला लागली. मागच्या वेळी बापानं खाल्ली नव्हती. मी खरवडली. मला पुट्टी वाटली. अवघडलेला हेच बरोबर होतं.'

शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. भिंतीवर काढायचा तसाच चौकोन, लाल शाईनं, कार्डभर. आत तारीख. तारखेखाली 'ठीक'. आणि चौकोनाखाली दोन शब्द: 'झाकण लावा.'

त्यानंतर हैदराबादहून जे पत्र आलं ते त्याच्या धाकट्या भावाचं होतं. मामू झोपेत गेला, त्रास झाला नाही, असं त्यात होतं. आणि घरातल्या सगळ्या माठांवर भाईजाननी झाकणं करून ठेवली आहेत, असंही.

आयुष्यभर लोकांच्या देवांना मी काचेत बसवलं. स्वतःसाठी एकच तसबीर केली, त्या पोस्टकार्डाची. भिंतीवरच्या जुन्या फुल्या रंगाखाली गेल्या, त्यांच्याच जागी ती टांगली आहे. येणाऱ्याला मी सांगतो की आमचं पाणी पास झालेलं आहे, सरकारी शिक्का आहे. मंडळी आतून हसते.

तिला हसायचा हक्क आहे. ते कार्ड आलं त्या दिवशी मी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि उठून पेटीपाशी गेलो. झाकण उघडंच होतं.